कुणाची तू? पाणथळीतले ऑर्किड आणि ओळखीचा प्रश्न

जून महिन्यात दक्षिण इंग्लंडमधल्या ओल्या कुरणांत आणि पाणी साचून राहणाऱ्या सखल जागांत गवतातून जांभळट गुलाबी फुलांचे तुरे वर येतात. एकच सरळ दांडा, त्याला भाल्याच्या पात्यासारखी लांबट पाने आणि माथ्यावर दाटीने बसलेली फुले. प्रत्येक फुलाची खालची पाकळी रुंद आणि ओठासारखी पुढे आलेली, तिच्यावर गडद ठिपके-रेघांची नक्षी. हे ऑर्किड आहे आणि डॅक्टिलोऱ्हायझा या प्रजातीतले आहे, इतके सांगायला फारसा अभ्यास लागत नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. या प्रजातीतली नेमकी कोणती जाती, असे विचारले की अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञही गुडघे टेकतो. आधी फूल जवळून पाहण्यासाठी टेकतो आणि मग बऱ्याचदा दुसऱ्या अर्थानेही.

‘ओळखणे’ हे मराठी क्रियापद दोन कामे एकदम करते. बाजारात शेजारचा माणूस दिसला की त्याला ओळखला म्हणतात, आणि झाडावरचा पिवळा पक्षी पाहून तो हळद्या आहे हे कळले तरी ओळखला असेच म्हणतात. पहिल्या ठिकाणी पूर्वी पाहिलेला तोच माणूस पुन्हा भेटलेला असतो. भारतीय दर्शनांत याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ‘हाच तो देवदत्त’ हे तिचे ठरीव उदाहरण आहे. दुसऱ्या ठिकाणी हा पक्षी याआधी कधीच दिसलेला नसतो. दिसलेले असतात ते त्याच्यासारखे दुसरे. मग तिथे ओळखले ते नेमके काय? पक्षी, त्याचा आकार, की आकारापलीकडचे काही?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न शब्दाच्या बाजूने विचारलेला आहे. ‘गाय’ या पदाचा अर्थ काय: समोरची ही एक गाय, गायीच्या अवयवांची विशिष्ट ठेवण, की सगळ्या गायींत एकसारखे असणारे गोत्व? तिन्ही पक्षांची उलटतपासणी झाल्यावर सूत्रकार गौतम निर्णय देतो की व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो. भाष्यकार वात्स्यायन पुस्ती जोडतो, की प्रसंगाप्रमाणे यांतले एक प्रधान होते आणि बाकीची गौण राहतात. मराठीत यांतले दोन शब्द पुढे अरुंद झाले. ‘व्यक्ती’ माणसापुरतीच उरली, आणि ‘जात’ म्हटले की वनस्पती कुणाला आठवत नाहीत. शास्त्राच्या भाषेत मात्र हा घट, ही गाय, चिखलात उभे असलेले हे एक रोप, यांतले प्रत्येक व्यक्तीच आहे. पाणथळीतल्या ऑर्किडच्या बाबतीत ही तिन्ही टोके एकमेकांपासून सुटून वेगळी दिसतात. व्यक्ती पायाशी चिखलात आहे, आकृती हातातल्या पुस्तकातल्या चित्रात आहे आणि जाती एका लॅटिन नावात आहे. तिन्हींची गाठ पडली तर ओळख पटली.

नाव आधी कानावर पडलेले आहे आणि वस्तू नंतर भेटते, अशा प्रसंगासाठी न्यायदर्शनाने उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. नगरात राहणाऱ्याला गवय नावाचा प्राणी माहीत नाही. अरण्यात राहणारा त्याला सांगतो, की गवय गायीसारखा असतो. पुढे तो नागरिक रानात जातो, गायीसारखा पण गाय नसलेला प्राणी पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ असे ज्ञान होते. नैयायिकांच्या मते हे केवळ प्रत्यक्ष नव्हे, कारण डोळ्यांना प्राणी दिसतो, नाव दिसत नाही. हे केवळ शब्दज्ञानही नव्हे, कारण वाक्य ऐकले तेव्हा प्राणी समोर नव्हता. नाव आणि नावाचा धनी यांचा संबंध कळणे हे उपमानाचे फळ आहे. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी हे प्रमाण वेगळे मानायला नकार दिला. मीमांसकांनी ते मानले, पण त्याचे फळ निराळे सांगितले.

वात्स्यायनाच्या भाष्यात गवयाच्या शेजारी आणखी दोन उदाहरणे आहेत, आणि ती थेट वनस्पतींची आहेत. मुगासारखी ती मुद्गपर्णी, उडदासारखी ती माषपर्णी, एवढे ऐकलेला माणूस रानात जाऊन नेमकी औषधी घेऊन येतो. न्यायाच्या पाठशाळांत गवय गाजला आणि या दोन वेली मागे पडल्या. खरे तर उपमानाचा रोजचा वापर पंडितांच्या सभेपेक्षा वैदूच्या झोळीतच जास्त झालेला असणार. मराठीने तर उपमान नावातच बसवून टाकले आहे. मुद्गपर्णी म्हणजे रानमूग आणि माषपर्णी म्हणजे रानउडीद. ‘रान’ हा एक शब्द मागे लागला की ‘त्यासारखे, पण ते नव्हे’ हे सगळे वाक्य पुरे होते.

आजचे क्षेत्रपुस्तक हे त्या अरण्यवासी माणसाचेच छापील रूप आहे. ते वाचकाला सांगते, की अमुक ऑर्किड तमुकासारखे असते, फक्त ओठपाकळी अधिक रुंद आणि पानांवर ठिपके नाहीत. पण गवयाच्या गोष्टीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, की गायीसारखा दिसणारा रानातला प्राणी एकच आहे. त्या नागरिकाला रानात गवयासारखेच चार वेगवेगळे प्राणी भेटले असते, आणि त्या चौघांच्या अधलेमधलेही काही भेटले असते, तर उपमानाचे काय झाले असते? दलदलीतल्या ऑर्किडांनी हा प्रश्न खरोखरच उभा केला आहे.

ब्रिटनमधल्या या रोपांचे ढोबळ वर्णन असे करता येते. डॅक्टिलोऱ्हायझा इन्कार्नाटा या जातीचा दांडा पोकळ असतो. पाने पिवळसर हिरवी, उभी, टोकाशी होडीच्या नाकासारखी वळलेली. फुलाच्या ओठपाकळीच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या असतात, त्यामुळे समोरून फूल अरुंद दिसते. नावाचा अर्थ ‘मांसाच्या रंगाची’ असा आहे, पण हे नाव रंगाने कायम पाळलेले नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर खळग्यांत हिची विटकरी लाल फुलांची उपजाती मिळते, काही दलदलींत जांभळी, आणि क्वचित फिकट पिवळसर पांढरीही. डॅक्टिलोऱ्हायझा प्रीटर्मिसा दक्षिणेकडची. हिची ओठपाकळी रुंद, सपाट किंवा किंचित वाटीसारखी असून मध्यभागी बारीक ठिपके असतात. उत्तरेकडची पर्प्युरेला तिच्याहून गडद रंगाची, आणि तिची ओठपाकळी चौकटच्या पानावरच्या खुणेसारखी. फुक्सी या जातीच्या पानांवर काळपट ठिपके असतात आणि ओठपाकळी तीन भागांत खोल कापलेली असते. ती चुनखडीच्या जमिनीत अधिक रमते. तिचीच नातेवाईक मॅक्युलाटा आम्लधर्मी माळांवर वाढते. तिच्या ओठपाकळीचा मधला भाग दाताएवढा लहान असतो.

इतके वाचून ओळखणे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रीटर्मिसा ही जाती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत वेगळी म्हणून कुणी नोंदवलीच नव्हती. जॉर्ज क्लॅरिज ड्रूस यांनी ती नोंदवली तेव्हा तिला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच ‘नजरेतून सुटलेली’ असा होतो. तोवर इंग्लंडच्या वनस्पतींचा अभ्यास होऊन शतके लोटली होती, आणि हे रोप काही गवतात लपणारे नाही. चांगले गुडघ्याएवढे वाढते आणि शेकड्यांनी फुलते. ते सगळ्यांना दिसत होते, पण ‘ही निराळी’ असे कुणाला दिसत नव्हते. न्यायशास्त्र प्रत्यक्षाचे दोन टप्पे करते. पहिल्या, निर्विकल्पक टप्प्यात वस्तू आणि तिचे धर्म नुसते समोर येतात, त्यांची जोड लागत नाही. दुसऱ्या, सविकल्पक टप्प्यात ‘हे अमुक आहे’ अशी जोड लागते. नैयायिकांच्या मते हे दोन टप्पे क्षणाच्या अंतराने घडतात. प्रीटर्मिसाच्या बाबतीत मधे पिढ्या गेल्या असे म्हणणे ही थोडी गंमत झाली, पण मुद्दा खरा आहे. डोळ्यांसमोर असणे ही ओळखीची सुरुवात आहे आणि तिथून पुढचा प्रवास डोळे करत नाहीत.

तो प्रवास लक्षण करते. लक्षण म्हणजे असाधारण धर्म, म्हणजेच जो लक्ष्यात सगळीकडे असतो आणि लक्ष्याबाहेर कुठेच नसतो. लक्षणाचे तीन दोष तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला गायीवरून शिकवतात. तपकिरी रंग हे गायीचे लक्षण केले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. शिंगे असणे हे केले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. एकच खूर असणे हे केले तर एकाही गायीला ते लागू पडत नाही, हा असंभव. आता ‘पानांवर ठिपके’ हे फुक्सीचे लक्षण मानून पाहावे. ठिपके नसलेली फुक्सीची रोपे सहज सापडतात, म्हणजे अव्याप्ती. उलट प्रीटर्मिसाच्या एका प्रकारात पानांवर बिबट्याच्या अंगावर असावीत तशी कडी असतात आणि इन्कार्नाटाच्या एका उपजातीत पानांच्या दोन्ही बाजूंना डाग असतात, म्हणजे अतिव्याप्ती. रंग घ्यावा तर इन्कार्नाटा आधीच चार रंगांत उभी आहे. उंची घ्यावी तर ती जमिनीच्या ओलीवर अवलंबून. पोकळ दांडा बराच भरवशाचा, पण तो पाहायला दांडा दाबावा किंवा कापावा लागतो.

एकटे लक्षण टिकत नाही, तेव्हा वनस्पतिशास्त्र लक्षणांची मालिका लावते. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय, एक घ्यायचा आणि एक टाकायचा, अशी ओळखीची किल्ली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात वापरली, आणि तेव्हापासून ती रूढ झाली. दांडा पोकळ आहे का? नसेल तर इन्कार्नाटा गेली. ओठपाकळी खोल कापलेली आहे का? नसेल तर फुक्सी गेली. शेवटी जे उरते त्याला नाव मिळते. ही पद्धत बौद्ध आचार्य दिङ्नागाच्या ओळखीची वाटावी अशी आहे. त्याच्या अपोहवादाप्रमाणे ‘गाय’ हा शब्द गोत्व नावाच्या कुठल्याही भावरूप पदार्थाकडे बोट दाखवत नाही. गाय नसलेले जे जे काही आहे ते वगळणे एवढेच त्याचे काम आहे. सगळ्या गायींत एकच काहीतरी भरलेले आहे हे मानायची गरज उरत नाही. त्या सगळ्या अ-गायीहून सारख्याच भिन्न आहेत, एवढे पुरते. यावर कुमारिल भट्टाचा आक्षेप प्रसिद्ध आहे: अ-गाय कळायला गाय आधी कळलेली असावी लागते, म्हणून हा युक्तिवाद गोल फिरतो. किल्ली वापरणाऱ्यालाही हा आक्षेप अनुभवाने माहीत असतो. किल्ली तयार करणाऱ्याला सगळ्या जाती आधीच ठाऊक होत्या, म्हणून ती चालते. ठाऊक नसलेली एखादी जाती समोर आली तर किल्ली निमूटपणे चुकीचे नाव काढून देते. १९१० साली कुणी प्रीटर्मिसा घेऊन तेव्हाच्या किल्लीने चालला असता तर त्याला उत्तर मिळाले असतेच, आणि ते चुकीचे असते.

इथवरचा पेच माणसाच्या अज्ञानाचा आहे असे म्हणून सोडून देता येते. पुढचा पेच वस्तूतलाच आहे. जिथे फुक्सी आणि प्रीटर्मिसा शेजारी वाढतात तिथे त्यांचे संकर होतात. संकरित रोपे बहुधा दोन्ही पालकांपेक्षा धिप्पाड असतात. पानांवर ठिपके एकाचे, ओठपाकळीची रुंदी दुसऱ्याची. ही रोपे पूर्ण वांझ नसतात, त्यामुळे ती पुन्हा पालकांशी मिसळतात आणि काही कुरणांत एका टोकाला फुक्सी, दुसऱ्या टोकाला प्रीटर्मिसा आणि मधे सगळ्या पायऱ्या अशी रांगच उभी राहते.

दहाव्या-अकराव्या शतकांतल्या उदयनाचार्याने जातीच्या बाधकांची, म्हणजे एखादा धर्म खरी जाती ठरू नये अशा कारणांची, सहा कलमी यादी दिली आहे. त्यातले एक कलम संकर हेच आहे. दोन वर्ग एकमेकांबाहेरही असतात आणि काही ठिकाणी एकत्रही येतात, तेव्हा ते दोन्ही जाती असू शकत नाहीत. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचे उदाहरण. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी, जल, तेज, वायू ही चार दोन्ही आहेत. म्हणून हे दोन धर्म जाती नसून उपाधी आहेत, म्हणजे माणसाने विचारासाठी लावलेल्या खुणा. न्यायातला संकर हा वर्गांचा आहे, परागांचा नव्हे, हा फरक विसरू नये. पण कुरणातल्या संकरित रोपांमुळे वर्गांचा संकर होतोच. फुक्सीत्व आणि प्रीटर्मिसात्व दोन्ही ज्यात अंशतः आहेत अशी रोपे तिथे उभी आहेत. उदयनाचा नियम काटेकोर लावला तर यांतली एकही खरी जाती ठरत नाही. पुढच्या काही नव्य नैयायिकांना संकर हे बाधक मान्य नव्हते. त्यांनी दलदल पाहिलेली नव्हती, पण त्यांच्या बाजूने बोलणारा पुरावा तिथे होता.

इथे संकर या शब्दाला चिकटलेली भीती बाजूला ठेवावी लागते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला संकरातून कुलाचा नाश दिसतो. या ऑर्किडांचा कुलवृत्तांत उलटा आहे. फुक्सीच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात आणि इन्कार्नाटाच्या पेशीतही ४०. प्रीटर्मिसा आणि पर्प्युरेला यांच्या पेशीत ८०. फुक्सीच्या वंशातली एक आई आणि इन्कार्नाटाच्या वंशातला एक बाप यांच्या संकरात गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला आणि नवी जाती उभी राहिली. हे एकदाच घडले असेही नाही. त्याच दोन वंशांत वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी असे संकर पुन्हा पुन्हा झाल्याचे गेल्या काही दशकांतल्या आनुवंशिक अभ्यासांतून दिसले आहे. प्रीटर्मिसा, पर्प्युरेला आणि युरोपातल्या आणखी काही दलदल-ऑर्किड जाती म्हणजे एकाच जोडप्याची निरनिराळ्या वेळी जन्मलेली मुले. भावंडांत चेहरा सारखा असणार आणि ओळखताना घोटाळा होणार, यात नवल नाही. आजच्या फुक्सी आणि प्रीटर्मिसा यांच्या संकरात मात्र ६० गुणसूत्रे येतात, आणि संचांची संख्या विषम झाल्यामुळे बी धरण्यात अडखळ येते. दोन जाती एकमेकींत पूर्ण विरघळून जात नाहीत त्याचे एक कारण हे.

न्यायातली जाती नित्य असते. गाई जन्मतात आणि मरतात, गोत्व राहते. शिवाय ती प्रत्येक व्यक्तीत संपूर्णपणे नांदते. अर्धे गोत्व या गायीत आणि अर्धे त्या गायीत असे होत नाही, म्हणून गोत्व कळायला एक गाय पुरते. दलदलीतल्या ऑर्किडला या दोन्ही अटी लागू पडत नाहीत. इथली जाती अमुक काळी उपजली, आणि ती एका रोपात पुरी दिसत नाही. या गटाचे जाणकार एकट्या रोपाला नाव द्यायचे टाळतात. त्याच कुरणातली बरीच रोपे पाहून, ओठपाकळ्या मोजून, सरासरी आणि तफावत पाहून मग त्या सगळ्या समूहाला नाव देतात. लक्षण समूहात आहे, व्यक्तीत त्याची फक्त शक्यता आहे. उदयनापुढे हे मांडले असते तर त्याने बहुधा शांतपणे सांगितले असते, की ही जाती नव्हेच, उपाधी आहे. ते उत्तर टाकाऊ नाही. जॉन लॉकने १६९० च्या सुमारास जवळपास हेच म्हटले होते: आपण वर्ग पाडतो ते वस्तूच्या खऱ्या गाभ्यावरून नव्हे, तर आपण गोळा केलेल्या गुणांच्या नाममात्र गाठोड्यावरून. डॅक्टिलोऱ्हायझात जाती किती, यावर एका लेखकाची यादी मोजक्या जातींची आणि दुसऱ्याची पन्नासाच्या वर जाते, हे पाहिले की लॉकची बाजू भक्कम वाटते. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या, की आपसांत प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेले समूह म्हणजे जाती, इथे कडकपणे लावली तर यादी आणखी आखडते.

नाव मात्र या सगळ्या गोंधळातही स्थिर ठेवावे लागते, आणि त्यासाठी वनस्पतिशास्त्राने काढलेली युक्ती तत्त्वज्ञाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रत्येक जातीचे नाव एका ठरावीक नमुन्याला, बहुधा वनस्पतिसंग्रहात जपलेल्या एका वाळलेल्या रोपाला, बांधलेले असते. जातीच्या वर्णनात कितीही दुरुस्त्या होवोत, नाव त्या कागदावरच्या व्यक्तीबरोबर राहते. ते रोप त्या जातीचे सर्वांत ठळक उदाहरण असले पाहिजे अशी अट नाही. सॉल क्रिप्के यांनी १९७० मध्ये दिलेल्या व्याख्यानांत नावाविषयी जे मत मांडले, की नाव वर्णनामुळे चिकटत नाही, पहिल्या बारशामुळे आणि तिथून चालत आलेल्या वापरामुळे चिकटते, ते वनस्पतिसंग्रहांत आधीपासून आचरणात होते. व्यक्ती, आकृती, जाती या तिघांत नावाची खुंटी व्यक्तीलाच मारलेली आहे. ही खुंटी नीट ठोकली गेली नाही की काय होते याचा दाखला ऑर्किस लॅटिफोलिया या जुन्या नावात आहे. लिनियसने १७५३ मध्ये दिलेले हे नाव पुढच्या लेखकांनी इतक्या निरनिराळ्या दलदल-ऑर्किडांना लावले की ते वाचून कोणते रोप म्हणायचे आहे हे कळेनासे झाले.

त्याच नावाने हिमालयातल्या एका ऑर्किडलाही पकडले. हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतिग्रंथात हिमालयाच्या ओल्या उंच कुरणांत वाढणारे हे रोप ऑर्किस लॅटिफोलिया म्हणून आले, आणि औषधी वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत अजूनही तेच नाव भेटते. त्याआधी १८२५ मध्ये डेव्हिड डॉनने नेपाळच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात तिथल्या बोलीतल्या नावावरून त्याला हातागिरिया म्हटले होते, आणि आज ते डॅक्टिलोऱ्हायझा हातागिरिया आहे. बोलीनावात हात आहे. डॅक्टिलोऱ्हायझा या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ ‘बोटांसारखे मूळ’. पुण्या-मुंबईच्या काष्ठौषधींच्या दुकानांत याचा वाळका कंद मिळतो त्याचे नाव सालमपंजा. एकमेकांना न विचारता तीन ठिकाणच्या माणसांनी एकच आकृती पाहिली, आणि तीही जमिनीखालची. हिमालयात फुलावरून ओळखणाऱ्याला कंद दिसत नाही, दुकानात कंदावरून ओळखणाऱ्याला फूल दिसलेले नसते. दोघांच्या ओळखी एकाच रोपाच्या आहेत हे तिसऱ्याच कुणीतरी सांगावे लागते.

आयुर्वेदाला हा पेच जुना आहे. अष्टवर्गातल्या आठ औषधींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार आज ऑर्किड मानल्या जातात. पण भावप्रकाशाच्या काळी, सोळाव्या शतकात, अष्टवर्ग राजालाही दुर्मिळ झालेला होता. तिथे ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी असे प्रतिनिधी सांगितले आहेत. नाव टिकले, गुण टिकले, वस्तू हरवली. अशा औषधींसाठी आयुर्वेदात ‘संदिग्ध द्रव्य’ असा वर्गच आहे, आणि तो लपवून ठेवलेला नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, की शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात. पण नाव-रूप कळले म्हणजे औषधी कळली असे नाही. तिचा योग, म्हणजे कुणाला, कधी, कशी द्यायची हेही ज्याला कळते तोच तत्त्ववेत्ता. चरकाने ओळख आणि ज्ञान यांत अंतर ठेवले, आणि ओळखीचा मान गुराख्याला दिला. वैद्यांच्या ग्रंथात हे कबूल केलेले आहे, ही गोष्ट लहान नाही.

कंदावरून ओळखायचे तर रोप उपटावे लागते, आणि उपटलेले रोप बहुधा जगत नाही. हातागिरिया औषधासाठी खोदून खोदून संकटात आली आहे. सगळ्या ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, आणि ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही रानटी रोप उपटणे गुन्हा ठरते. एकेका जीवाला मारून त्याचे नाव निश्चित करणे, हा प्रश्न जैन विचाराने फार आधी टोकाला नेला होता. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, म्हणून पान तोडतानाही हिंसा घडते. ऑर्किड ओळखणारा आज एखादी ओठपाकळी काढतो, छायाचित्र घेतो, मोजपट्टी लावतो आणि उरलेली माहिती अंदाजाने भरतो. त्याच्या अंदाजात जी संदिग्धता उरते ती रोपाच्या जिवाची किंमत म्हणून स्वीकारलेली असते.

जातीचा पेच सोडवायचा एक धाडसी मार्ग अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मायकेल गिझेलिन यांनी १९७४ मध्ये सुचवला, आणि तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी तो पुढे नेला. त्यांच्या मते सजीवांची जाती हा वर्ग नव्हेच, ती स्वतःच एक व्यक्ती आहे. ती एका काळी जन्मते, पसरते, कधी दुभंगते, कधी संपते. एकेक रोप हे त्या व्यक्तीचे उदाहरण नसून तिचा अवयव आहे. गौतमाच्या तिघांतली जागाच इथे बदलते: ज्याला जाती म्हणत होतो ते व्यक्तीच्या खान्यात जाते. हे मानले की ओळखीचा प्रश्नही बदलतो. ‘हिच्यात कोणता नित्य धर्म आहे’ हे विचारण्याऐवजी ‘ही कुणाची’ हे विचारावे लागते. महाराष्ट्रातल्या गावात अनोळखी पोराला म्हातारा माणूस ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतो तेव्हा त्याला पोराचे लक्षण नको असते, घर हवे असते. चेहरा पाहून तो अंदाज आधीच बांधतो, प्रश्न फक्त खात्रीसाठी असतो. दलदलीतल्या ऑर्किडच्या बाबतीत खात्री करायला गुणसूत्रे मोजावी लागतात, आणि तीही कधी कधी दोन घरे सांगतात.

म्हणून या रोपांच्या नोंदी अनेक पातळ्यांवर केल्या जातात. जाती पक्की असेल तर नाव. संकर दिसत असेल तर नावाआधी गुणिलेची खूण, जशी फुक्सी-प्रीटर्मिसा संकराच्या ग्रँडिस या नावाआधी येते. पालक ठरत नसतील तर प्रजातीपर्यंतच थांबायचे. आणि रोप एखाद्या जातीच्या जवळ जाते पण नोंद करणाऱ्याची खात्री नसते, तेव्हा नावाच्या मधे ‘सीएफ.’ ही दोन अक्षरे लिहितात. लॅटिन ‘कॉन्फर’ या क्रियापदाचे ते लघुरूप आहे. त्याचा अर्थ ‘ताडून पाहा’. गवयाचे वाक्य ऐकून रानात गेलेला माणूस प्राणी दिसल्यावर नेमके तेच करतो. त्याचे ताडून पाहणे संपते, आणि ऑर्किडच्या चिठ्ठीवर ते तसेच लिहून ठेवलेले असते.